मारत नाहीत ना, मग परत पाठवू का?

ठाण्यात मी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे लग्न झालेल्या मुलींच्या आधी त्यांच्या आया येतात. मुलीला सवड नसते, विचारल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, पुष्कळदा रिक्षाचं भाडं द्यायलाही पैसे नसतात. आई बाजाराची पिशवी घेऊन येते, आधी स्वतःच्या गुडघेदुखीचं बोलते आणि उठता उठता मूळ विषय काढते. "मॅडम, मुलगी फोनवर रडते हो. पण मारत वगैरे नाहीत तिला. खाऊनपिऊन सुखी आहे. तिला समजावून नांदायला परत पाठवू, की ठेवून घेऊ? ठेवून घेतली तर लोक काय म्हणतील? आणि धाकटीचं कसं जमणार?"

हा प्रश्न इतक्या घरांत अडकलेला आहे की त्यातल्या एका घराची हकिगत इथे सविस्तर सांगते. मुलीची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. तिला सायली म्हणू या.

सायलीचं माहेर ठाण्यात सावरकरनगरला, वन रूम किचन. वडील टीएमटीतून, म्हणजे ठाण्याच्या महापालिका बससेवेतून निवृत्त, धाकटी बहीण कॉलेजात. सासर कोपरखैरण्याला, सिडकोच्या जुन्या रो हाऊसवर मजला चढवलेलं घर, सासूबाईंच्या नावावर. स्वतः सायली ऐरोलीतल्या एका कंपनीत नोकरीला. स्थळ नात्यातून आलं होतं. "आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या," असं बैठकीत म्हणाले होते. मग हॉल त्यांच्या पसंतीचा झाला. मानपानाची यादी आली. नवऱ्या मुलाला चेन आणि अंगठी झाली. पहिल्या दिवाळसणाला काय आलं याची चर्चा सायलीसमोर, ती ताटं वाढत असताना झाली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचं ताट दिलं, तर सासूबाईंनी ते हातावर तोलून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांना हौस कमीच." हुंडा देणं आणि घेणं दोन्ही 1961 पासून गुन्हा आहे. म्हणून आता हुंडा असं कोणी म्हणत नाही, 'तुमच्या मुलीच्या संसारालाच होईल' असं म्हणतात.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात सायलीचं एटीएम कार्ड सासूबाईंच्या कपाटात गेलं. "घर एकत्र चालतं, पैसाही एकत्र राहू दे." बँकेला दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा झाला, म्हणजे पगार जमा झाल्याचा मेसेज त्याला जायचा. रोज सकाळी फ्रीजवर पन्नास रुपये ठेवलेले असत. लोकलचा पास नवरा काढून द्यायचा. मोबाइलवर लाइव्ह लोकेशन कायम चालू. गाडी दहा मिनिटं उशिरा आली की फोन, आणि घरी पोचल्यावर 'नक्की गाडीच लेट होती ना' याची चौकशी. काही बिनसलं की नवरा आवाज चढवायचा नाही, अबोला धरायचा. एकदा गणपतीत धरलेला अबोला नवरात्रात सुटला. त्या सगळ्या दिवसांत तो आईशी बोलायचा, मित्रांशी हसायचा, फक्त हिच्याकडे बघायचा नाही. सुटला तोही सायलीनं सासूबाईंच्या सांगण्यावरून माफी मागितली तेव्हा. कशाबद्दल, हे तिला आजही सांगता येत नाही.

ऐरोलीहून ठाणं लोकलनं दहा-एक मिनिटांवर. पण माहेरी जायचं तर सणावारी, तेही नवऱ्यासोबत. म्हणून मायलेकींनी एक मार्ग काढला होता. सायली जेवणाच्या सुट्टीत फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची, म्हणजे लोकेशन ऐरोलीच दिसेल. आईनं आधी देऊन ठेवलेल्या सुट्ट्या पैशांतून तिकीट काढायची आणि ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर उतरायची. आई तिथे बाकावर डबा घेऊन बसलेली असे. आईच मला सांगत होती, "भाकरी आणि भरली वांगी नेली होती. अशी जेवली हो मॅडम, घास चावेसुद्धा ना. डबा पुसून खाल्ला आणि तशीच पळाली गाडी पकडायला." हे सांगून झाल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि पुढचं वाक्य पुन्हा तेच, "पण मारत नाहीत."

मुलीनं भरल्या घरात पोटभर जेवू नये, स्वतःच्या आईला चोरून भेटावं, आणि तरी तक्रारीला जागा आहे की नाही अशी शंका आईला यावी, याचा मला राग येतो. त्या आईचा नव्हे. पिढ्यान्पिढ्या बायकांना 'हात तर उचलत नाही ना' एवढंच विचारत आलेल्या रीतीचा.

माझ्याकडे येण्याआधी एक बैठक होऊन गेली होती. कोपरखैरण्याच्या घरी दोन मामा, लग्न जमवणारे मध्यस्थ, नवऱ्याचे काका आणि दोन्ही व्याही. पोहे आणि चहा सायलीनंच केला. सगळ्यांसमोर तिला विचारलं गेलं, "बोल, काय त्रास आहे तुला?" नवरा समोरच्या खुर्चीत. ती म्हणाली, "काही नाही." मामांनी निकाल दिला, दोघांनी समजुतीनं घ्यावं, तिनं जरा जास्त. त्या रात्री बैठक बोलावल्याची शिक्षा म्हणून तिला गॅलरीत ठेवून दार लावून घेतलं होतं, हे आईला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं.

म्हणूनच आईनं पहिल्या भेटीत "जावयालाही बोलावते, दोघांना समोरासमोर बसवून समजवा" असं सुचवलं, तेव्हा मी नाही म्हटलं. नवरा-बायकोत खटके उडत असतील आणि दोघंही निर्धास्तपणे बोलू शकत असतील, तर जोडप्याला एकत्र बसवण्यात अर्थ असतो. एकाची दुसऱ्याला भीती वाटत असेल तर नाही. माझ्या खोलीत ती जे खरं बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागेल. मी म्हटलं, "ताई, आधी तिला एकटीला भेटू दे."

सायली हाफ डे टाकून आली. मी तिला 'मारतात का' असं विचारलं नाही. कुठलीच मुलगी या प्रश्नाला सहजी हो म्हणत नाही, कारण तिच्या मनातली मारहाण म्हणजे पट्टा, काठी, सुजलेलं तोंड. एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारावं लागतं. ढकललं आहे का? "कपाटावर. एकदाच." हात पिरगळला? "मोबाइल घेताना. पण ते मारणं नव्हे." वस्तू फेकल्या? "ताट." घराबाहेर किंवा खोलीत कोंडून ठेवलं? तेव्हा गॅलरीची हकिगत आली. रात्री तुझी इच्छा नसताना? ती बराच वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "नवरा-बायकोत असतंच ना ते मॅडम?"

मी तिला कायदा समजावून सांगितला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्यात हिंसेचे चार प्रकार धरले आहेत. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. पगार काढून घेणं, तिच्या गरजेला पैसे न देणं, दागिने अडकवून ठेवणं यांनाही कायदा हिंसाच म्हणतो. नवऱ्याची रात्रीची जबरदस्तीही या कायद्यात छळ म्हणूनच येते. सायलीनं विचारलं, "म्हणजे पन्नास रुपये ठेवायचे तेसुद्धा?" तेसुद्धा.

तिला सगळ्यात जास्त भीती एका गोष्टीची होती. घर सासूबाईंच्या नावावर. बाहेर पडले तर परत पाऊल ठेवता येणार नाही, नवरा तसं कित्येकदा म्हणाला होता. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 च्या निकालात सांगितलं आहे की सून ज्या घरात नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. मालकी तिची होत नाही, पण कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढताही येत नाही. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

परत पाठवायचं की ठेवून घ्यायचं, हे मी आईला सांगितलं नाही. ते ठरवणं तिच्या लेकीचं काम. त्याआधीचं काम मात्र आईवडिलांचंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी साधारण तिघींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे मदत मागितली अशा अवघ्या 14 टक्के, आणि त्यांतल्याही बहुतेकींनी आधी स्वतःच्या माणसांकडेच धाव घेतली. पोलीस, वकील, समुपदेशक हे सगळे नंतर येतात. पहिला फोन आईला येतो, आणि त्या फोनवर आई काय म्हणते यावर मुलगी पुन्हा कधी तोंड उघडेल की नाही हे पुष्कळदा ठरतं.

सायलीची आई पहिल्या फोनवर म्हणाली होती, "आम्ही नाही का काढले दिवस?" मी विचारलं, "तुम्ही कसे काढलेत?" त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. सासरी फार झालं म्हणून एकदा त्या न सांगता माहेरी गेल्या होत्या, सायली तेव्हा पोटात. वडिलांनी पाठीवर हात ठेवला, आईनं जेवू घातलं आणि संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं. "खिडकीपाशी उभे होते हो बाबा. म्हणाले, शहाण्यासारखी वाग. त्यानंतर मी माहेरी कधी काही सांगितलं नाही. ते गेले तोवर नाही." मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन आल्या.

वडिलांचे प्रश्न वेगळे होते आणि खरे होते. एका खोलीत सगळे कसे मावणार? शेजारच्यांना काय सांगायचं? धाकटीच्या स्थळांना काय सांगायचं? असे प्रश्न विचारणाऱ्या बापाला मागासलेला ठरवून मोकळं होणं सोपं आहे. घरात जागा खरंच नाही, पेन्शन तुटपुंजी आहे, आणि समाज त्या घराकडे बोट दाखवणारच आहे. म्हणून आम्ही एकेक प्रश्न धरून बसलो. सायलीचा पगार तिच्या हातात आला तर ती घराला ओझं नाही, उलट हातभारच. शेजारच्यांना एकच वाक्य, "ती तिच्या घरी राहायला आली आहे," आणि त्यापुढे खुलासा नाही. धाकटीचं म्हणाल, तर मोठी माहेरी राहिली म्हणून जे स्थळ मागे फिरेल, ते उद्या धाकटीवर वेळ आली तर तिच्याशी कसं वागेल याचा विचार त्यांनी करावा, असं मी म्हटलं. वडिलांनी फक्त मान हलवली.

आणखी एक गोष्ट आईच्या मनात होती, ती तिनं जाता जाता बोलून दाखवली. "एक मूल झालं की सगळं मार्गी लागेल का हो?" सासरहून 'गोड बातमी'चा तगादा चालूच होता. या सल्ल्यानं जितक्या मुली अडकलेल्या मी पाहिल्या, तितक्या दुसऱ्या कशानं नाही. छळ करणारा माणूस बाप झाला म्हणून बदलत नाही. कित्येकींचा छळ गरोदरपणातच सुरू होतो किंवा वाढतो. मूल झाल्यावर आईला बाहेर पडणंही दुप्पट अवघड होतं. एवढं मी त्यांना अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं.

पुढची तयारी गाजावाजा न करता झाली. घर सोडण्याचा काळ धोक्याचा असतो, ताबा सुटतोय असं दिसलं की समोरचा जास्त बिथरतो. सायलीनं दुसऱ्या बँकेत नवीन खातं उघडलं, त्याला नंबर आईचा दिला आणि ऑफिसात अर्ज करून पुढचा पगार तिकडे वळवला. पॅनकार्ड, आधारकार्ड, कॉलेजचे दाखले, लग्नाच्या नोंदणीचा दाखला यांतलं जे हाती लागेल ते डब्याच्या पिशवीतून एकेक करून आईकडे पोचलं. फोनवर एक खुणेचं वाक्य ठरलं, 'ताकाला विरजण आहे का?' असं तिनं विचारलं की वडिलांनी काही न विचारता रिक्षा करून निघायचं.

त्या वाक्याची गरज पडली नाही. पगार खात्यात आला नाही हे ज्या दिवशी नवऱ्याच्या लक्षात येणार होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी सायली ऑफिसातून निघाली आणि कोपरखैरण्याच्या गाडीऐवजी ठाण्याच्या गाडीत बसली. लोकेशन बंद केलं. नवऱ्याला एकच मेसेज केला, मी आईबाबांकडे सुखरूप आहे, मला शोधू नका. आईनं विचारलं, "आता पुढे काय ठरवलंस?" ती म्हणाली, "आई, मला आधी झोपू दे." दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज ठाण्यातच करता आला, कारण त्या कायद्यानुसार बाई जिथे राहते, अगदी तात्पुरती राहत असली तरी, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. संरक्षण अधिकारी हे शासनानं याच कामाला नेमलेले असतात. त्यांनी घटनांचा अहवाल तयार केला. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला. बायकांना ही मदत मोफत असते, उत्पन्न कितीही असो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या 498 अ खाली, नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दल फौजदारी तक्रारीचा मार्गही तिला समजावला होता. ती म्हणाली, "त्याला आत टाकायचं नाही मला. माझा पगार, माझे दागिने आणि त्यानं माझ्या ऑफिसबाहेर येऊन उभं न राहणं, एवढंच हवंय." आईला हे मिळमिळीत वाटलं, तिला आता जावयाला धडा शिकवायचा होता. मी मुलीच्या बाजूनं उभी राहिले. सासरी सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, निदान हे तरी तिचं तिला ठरवू द्यावं.

दागिन्यांच्या वेळी वडील कामाला आले. लग्नाचा खर्च त्यांनी एका जुन्या डायरीत पैन्‌पै लिहून ठेवला होता. पाटल्या किती तोळ्याच्या, कुठल्या पेढीवर घेतल्या, पावती नंबर काय. लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंशी जुळवून त्यांनी स्त्रीधनाची यादी केली, वकिलांनी ती जशीच्या तशी अर्जाला जोडली. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता, सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला असतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच स्पष्ट केलं आहे. पाटल्या आणि हार परत मिळाले. बाकीच्यासाठी तारखा चालू आहेत. अशा अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, आणि त्याची मनाची तयारी मी घरच्यांकडून आधीच करून घेते. नवऱ्यानं तिच्याशी कुठल्याही प्रकारे संपर्क साधू नये, असा अंतरिम आदेश मात्र लवकर मिळाला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घटस्फोटाचं सायलीनं अजून ठरवलेलं नाही. मीही विचारत नाही.

हे वाचणाऱ्या आयांना काही सांगायचं आहे. मुलीचा फोन कायम स्पीकरवर असेल, बोलता बोलता ती एकदम 'हो, बरं, ठेवते' म्हणत असेल, नोकरी करूनही तुमच्याकडे शंभर-दोनशे मागत असेल, तर हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. 'आत्ता कुणी जवळ आहे का?' 'मी नंतर करू का?' 'तुला घरी यायचंय का?' ती काही सांगेल तेव्हा 'तुझंही काही चुकलं असेल' हे वाक्य तोंडात आलं तरी गिळा. 'मला तुझं पटतंय, रात्री-अपरात्री आलीस तरी दार उघडेन' एवढं आधी म्हणा. जावयाला फोन करून जाब विचारू नका, त्याचा राग तिच्यावर निघेल. ती 'जगावंसं वाटत नाही' म्हणाली तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, त्याच वेळी तिच्यापाशी पोचा. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे. जीवाला धोका वाटला तर 112, महिला हेल्पलाइन 181, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. हे फोन तुमच्या मोबाइलवरून करा. तिच्या मोबाइलवर ते नंबर पाठवू नका, तो कुणीतरी रोज तपासत असण्याची शक्यता आहे. भेटाल तेव्हा कागदावर लिहून द्या, किंवा तिच्याकडून पाठ करून घ्या.